इंचातले चार आणे : कंपाउंड धनुष्याच्या पीपचं माप

५ ऑगस्ट २०२३, बर्लिन. जागतिक तिरंदाजी स्पर्धेतल्या कंपाउंड प्रकाराच्या अंतिम लढतींचा दिवस. साताऱ्याच्या सतरा वर्षांच्या अदिती स्वामीनं मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं आणि वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय तिरंदाज ठरली. त्याच दिवशी, त्याच मैदानावर नागपूरच्या ओजस देवतळेनं पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारले आणि पोलंडच्या लुकाश प्शिबिल्स्कीवर १५०-१४९ अशी मात केली. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेले.

अंतर ५० मीटर. दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे साधारण नागपुरी संत्र्याएवढं. अशी लढत पडद्यावर पाहताना नजर जाते ती धनुष्याच्या टोकांवरच्या चाकांकडे, पुढं काढलेल्या लांब दांड्यांकडे, तिरंदाजाच्या स्थिर हाताकडे. दोरीमध्ये, बरोबर डोळ्यासमोर, वाटाण्याएवढं एक कडं गुंफलेलं असतं. ते बहुतेकांना दिसतही नाही. त्या कड्याला मधोमध आरपार भोक असतं. मैदानावर सगळे त्याला नुसतं ‘पीप’ म्हणतात.

हे भोक केवढं असावं, या प्रश्नावर नवा तिरंदाज फारसा विचार करत नाही. धनुष्याबरोबर जे आलं, ते तो वापरतो. काही महिन्यांनी शेजारच्या मुलाचं लहान भोक पाहून तोही लहान भोक आणतो आणि संध्याकाळच्या सरावाला त्याला लक्ष्यच दिसेनासं होतं.

पीपची मापं बाजारात इंचाच्या अपूर्णांकात मिळतात : १/४, ३/१६, १/८, १/१६, ३/६४, १/३२. दशमान पद्धतीत वाढलेल्या पिढीला हे आकडे डोकेदुखीचे वाटतात. पण ज्यांना सोळा आण्यांचा रुपया आणि चौसष्ट पैशांचा हिशेब ऐकून तरी माहीत आहे, त्यांना ते लगेच उमगतील. इंच म्हणजे रुपया धरायचा. १/४ म्हणजे चार आणे, ३/१६ म्हणजे तीन आणे, १/८ दोन आणे, १/१६ एक आणा, ३/६४ तीन पैसे आणि १/३२ अर्धा आणा. मिलिमीटरमध्ये सांगायचं, तर चार आण्यांचं भोक साडेसहा मिलिमीटरला थोडं कमी, दोन आण्यांचं सव्वातीनला थोडं कमी आणि अर्ध्या आण्याचं जेमतेम पाऊण मिलिमीटरहून किंचित मोठं. सगळा खेळ या सहा मिलिमीटरच्या आतला.

आधी पीपची गरजच का पडते, ते पाहू. ऑलिंपिकमध्ये आजवर दिसत आलेल्या रिकर्व्ह धनुष्याला पीप लावायची परवानगी नाही. तिथं तिरंदाज दोरी हनुवटीला आणि नाकाला टेकवतो, डोळ्यासमोर दोरीची जी धूसर सावली दिसते ती धनुष्यावर नेहमी एकाच जागी ठेवतो आणि नेम धरतो. कंपाउंडचं तसं नाही. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या आणि १९६९ मध्ये पेटंट मिळालेल्या या धनुष्यात टोकांना चाकं असतात. दोरी ओढताना मध्यावर सगळं वजन येतं आणि पूर्ण ओढ झाली, की ते एकदम उतरतं. स्पर्धेत कमाल ओढ ६० पौंडांची चालते. चाकांनी त्यातला पाऊण भार उचलला, तर हाताला उरतात फक्त १५ पौंड. त्यामुळं नेम धरायला उसंत मिळते. या उसंतीचा उपयोग करून घेण्यासाठीच पुढं भिंगाचा स्कोप आणि मागं पीप असतो. म्हणजे रायफलसारखी दोन ठिकाणची नेमरेषा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूरचे स्वप्निल कुसाळे ज्या प्रकारात खेळतात, त्या रायफलच्या मागच्या टोकालाही असंच बारीक भोक असतं. फरक इतकाच, की रायफलला भोक लहान-मोठं करणारी फिरती चकती बसवता येते. धनुष्याच्या दोरीवर ते जड पडतं; दोरीचं वजन वाढलं, की बाणाचा वेग घटतो. म्हणून इथं वेगवेगळ्या मापांच्या चिमुकल्या नळ्या मिळतात आणि त्या कड्यात आट्यांनी फिरवून बसवतात.

आता मापाकडे. पीपचं पहिलं काम वर्तुळात वर्तुळ बसवण्याचं. डोळा पीपमधून पाहतो, तेव्हा समोर स्कोपची गोल कडा दिसते. पीपचं गोल आणि स्कोपचं गोल एकाच मध्यावर आलं, की डोळा, दोरी आणि स्कोप एका रेषेत आले. माणसाचा डोळा या कामात फार तरबेज आहे. गोलात गोल थोडं जरी सरकलं, तरी एका बाजूची फट जाड आणि दुसरीकडची बारीक दिसते आणि मोजमाप न करता ते जाणवतं.

पण ही फट समान आणि बारीक असायला हवी, आणि ती तशी मिळेल की नाही हे साध्या त्रैराशिकावर ठरतं. स्कोपचा व्यास घ्यायचा, त्याला डोळ्यापासून पीपपर्यंतच्या अंतरानं गुणायचं आणि डोळ्यापासून स्कोपपर्यंतच्या अंतरानं भागायचं. समजा स्कोप ३५ मिलिमीटरचा आहे, पीप डोळ्यापासून १२ सेंटिमीटरवर आणि स्कोप ८५ सेंटिमीटरवर. उत्तर येतं पाच मिलिमीटरला किंचित कमी. म्हणजे तीन आण्यांचं भोक. तेच अंतर ठेवून स्कोप २९ मिलिमीटरचा घेतला, तर चार मिलिमीटर, म्हणजे अडीच आणे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते, जी क्लबमध्ये वारंवार चुकते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला तिच्या दादाचा स्कोप आणि पीप तसाच्या तसा दिला जातो. पण तिचे हात लहान, ओढ आखूड. तिच्या डोळ्यापासून स्कोप ७५ सेंटिमीटरवरच येतो. जवळ आल्यामुळं तोच स्कोप तिला मोठा दिसतो आणि तिला भोक लागतं साडेपाच मिलिमीटरहून थोडं मोठं, साडेतीन आण्यांचं. दादाच्या तीन आण्यांच्या भोकातून तिला स्कोपची कडा नीट दिसत नाही, खालचा पातळी दाखवणारा बुडबुडाही कापला जातो. मग ती मान पुढं-मागं करत राहते आणि प्रशिक्षक तिला मान हलवू नको म्हणून सांगत राहतात. दोष मानेचा नसून अर्ध्या आण्याचा असतो.

धनुष्याची लांबीही यात येते. स्पर्धेची धनुष्यं एका चाकाच्या आसापासून दुसऱ्यापर्यंत साधारण ३८ ते ४० इंच असतात. पूर्ण ओढीत त्यांच्या दोरीचा कोन उघडा राहतो आणि पीप डोळ्याजवळ येतो. तीसेक इंचांच्या आखूड धनुष्यात दोरीचा कोन टोकदार होतो, पीप चेहऱ्यापासून लांब जातो आणि भोक मोठं लागतं. उलट, स्कोपची दांडी पुढं सरकवली, की स्कोप लांब जाऊन लहान दिसतो आणि भोक लहान चालतं. म्हणून धनुष्य, दांडी किंवा स्कोप यांपैकी काहीही बदललं, की पीपचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

भोक गरजेपेक्षा मोठं असेल, तर बिघडतं काय? स्कोप २९ मिलिमीटरचा आहे आणि भोक चार आण्यांचं, असं धरू. स्कोपभोवती सगळीकडून मोठी मोकळी जागा राहते. त्या जागेत स्कोप मिलिमीटरभर इकडंतिकडं सरकला, तरी तिरंदाजाला ‘बसलाय’ असंच वाटतं. पीप आणि स्कोप यांत अंतर असतं पाऊण मीटरच्या आसपास. मागच्या बाजूला झालेली एक मिलिमीटरची चूक पुढं ५० मीटरवर जाईपर्यंत साडेसहा सेंटिमीटरच्या वर वाढते. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या चार सेंटिमीटर. नेमाचा ठिपका अगदी मधोमध ठेवलेला असताना बाण नवाच्या पट्ट्यात जाऊन बसतो आणि कारण सापडत नाही, ते यामुळं.

मग सगळ्यांनी लहानच भोक का घेऊ नये? घेतात, स्पर्धेतले बरेच अनुभवी तिरंदाज एक आणा किंवा तीन पैशांपर्यंत खाली येतात. आणि इथं आपलं त्रैराशिक तोकडं पडतं. त्या हिशेबानं एका आण्याच्या भोकातून स्कोपच्या जागी जेमतेम ११ मिलिमीटरचं वर्तुळ दिसायला हवं. २९ मिलिमीटरचा स्कोप त्यात मावायचा कसा? उत्तर डोळ्यात आहे. त्रैराशिक मांडताना आपण डोळ्याला एक बिंदू धरलं होतं. प्रत्यक्षात बुबुळातलं भोक, म्हणजे बाहुली, चांगल्या उजेडात दोन ते चार मिलिमीटरची असते. बाहुलीच्या एका कडेनं जे दिसत नाही, ते दुसऱ्या कडेनं दिसतं. त्यामुळं पीपची कडा धारदार रेषा न राहता धूसर पट्टा होते. मध्यभाग उजळ, मग हळूहळू काळोखी. तीन मिलिमीटरची बाहुली धरली, तर एका आण्याच्या भोकातून हा अंधूक होत जाणारा गोल स्कोपच्या जागी जवळजवळ ३० मिलिमीटरपर्यंत पसरतो. २९ मिलिमीटरच्या स्कोपची कडा त्याच्या अगदी काठावर, सावलीत दिसते. सरावलेला तिरंदाज त्या सावलीच्या समतोलावर नेम बसवतो. नवख्याला तेच जमेल असं नाही. त्याला ठसठशीत कडा लागते, म्हणून त्यानं त्रैराशिकानं आलेल्या मापापासूनच सुरुवात करावी.

लहान भोकाचं आकर्षण मात्र वेगळ्याच कारणानं आहे. चाळिशी लागलेल्या माणसानं चष्मा काढावा, जाड कागदाला सुईनं भोक पाडावं आणि भरपूर उजेडात त्यातून वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचून पाहावीत. एरवी पुसट दिसणारी अक्षरं चक्क वाचता येतात. भोक जितकं लहान, तितका प्रकाशाचा झोत निमुळता, आणि डोळ्याच्या भिंगाची चूक पडद्यावर तितकी कमी पसरते. डोळ्यांचे डॉक्टर याच तत्त्वाची चकती डोळ्यासमोर धरून तपासतात, की अंधूक दिसणं चष्म्यानं सुधारण्यासारखं आहे का. त्या चकतीतली भोकं साधारण १.२ मिलिमीटरची असतात. तीन पैशांचा पीपही बरोबर तेवढाच भरतो.

नेम धरताना डोळ्यापुढं तीन गोष्टी असतात : हातभर अंतराच्याही आतला पीप, हाताच्या पुढचा स्कोपमधला ठिपका आणि ५० मीटरवरचं लक्ष्य. एका वेळी डोळा एकाच अंतरावर स्थिरावू शकतो. लहान भोक घेतलं, की ठिपका आणि लक्ष्य दोन्ही एकदम बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. स्कोपमध्ये जोरदार भिंग असेल, तर हे आणखी महत्त्वाचं ठरतं. चारपट, सहापट भिंगानं लक्ष्य मोठं होतं, पण नुसत्या डोळ्याला ते धूसरही दिसू लागतं. ही धूसरता काढायला दोन वाटा आहेत : भोक लहान करणं, किंवा पीपमध्येच ‘क्लॅरिफायर’ नावाचं उलट जातीचं इवलं भिंग बसवणं. ते भिंग पुढच्या भिंगाशी जुळलं, की दोन्ही मिळून एक छोटी दुर्बीणच तयार होते. कंपाउंडमध्ये नियमांना ते मान्य आहे. क्लॅरिफायर आणि स्कोपचं भिंग ही जोडी असते. एक बदललं आणि दुसरं तसंच ठेवलं, तर चित्र बिघडतं. ज्यांना लक्ष्य नीट दिसतं पण जवळचा ठिपकाच पुसट होतो, अशा चाळिशीपुढच्या तिरंदाजांसाठी ‘व्हेरिफायर’ हे दुसऱ्या प्रकारचं भिंग मिळतं. दोन्ही नावं सारखी वाटतात आणि दुकानात त्यांची हटकून अदलाबदल होते.

लहान करण्यालाही तळ आहे. प्रकाश अरुंद भोकातून जाताना किंचित फाकतो. विज्ञानात याला विवर्तन म्हणतात. अर्ध्या आण्याच्या, म्हणजे ०.८ मिलिमीटरच्या भोकातून भिंगाशिवाय पाहिलं, तर ५० मीटरवरच्या दोन ठिपक्यांत सुमारे चार सेंटिमीटर अंतर असेल तरच ते वेगळे ओळखू येतात. निरोगी उघड्या डोळ्याला हेच काम दीड सेंटिमीटरमध्ये जमतं. पुढं भिंग असलं, तर ते जितकं मोठं करून दाखवतं तितका हा तोटा भरून निघतो, पण मिटत नाही. शिवाय इतक्या बारीक भोकातून पाहताना डोळ्याच्या आतले तरंगते कणही नजरेसमोर नाचू लागतात.

आणि मग उजेड. भोक निम्मं केलं, की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून उजेडही पाव होतो असं सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. भर दुपारी बाहुली तीन मिलिमीटरची असेल, तर साडेसहा मिलिमीटरचं भोक काय आणि सव्वातीनचं काय, लक्ष्याच्या मध्याकडून येणारा उजेड बाहुलीच अडवते. पीपनं फरक पडत नाही. भोक बाहुलीहून लहान झालं, की मग पीप उजेड कापायला लागतो. तीन मिलिमीटरच्या बाहुलीपुढं एका आण्याचं भोक ठेवलं, तर साधारण पंचवीस-तीस टक्के उजेड डोळ्यात पोचतो. उन्हात ते पुरतं. पण सूर्य मावळतीला गेला, आभाळ भरून आलं, की बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडते. डोळा जास्त उजेड मागत असतो आणि पीप तेवढाच देत राहतो. दुपारी उत्तम वाटलेलं भोक संध्याकाळी सहाला आंधळं का होतं, याचं उत्तर इतकंच.

अमेरिकेत हरणांच्या शिकारीला जाणारे कंपाउंडवाले चार आण्यांचं भोक वापरतात, त्यामागं हेच कारण. त्यांचा वेळ पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा, जागा दाट झाडीची, अंतर कमी आणि जनावर मोठं. तिथं उजेडाला किंमत, बारकाव्याला नाही. भारतात शिकारीवर बंदी आहे. इथलं कंपाउंड जवळपास सगळं ५० मीटरच्या मैदानावर आणि १८ मीटरच्या सभागृहात खेळलं जातं. त्यामुळं परदेशी शिकाऱ्यांच्या चित्रफिती पाहून मोठं भोक घेणं आणि परदेशी विजेत्यांच्या पाहून एकदम तीन पैशांवर उतरणं, दोन्ही सारखंच फसवं. सभागृहात तर दिव्यांच्या उजेडात बाहुली मोठी असते आणि कंपाउंडचं दहाचं वर्तुळ अवघं दोन सेंटिमीटरचं; तिथलं माप मैदानापेक्षा वेगळं निघू शकतं.

माप ठरवण्याआधी पीपची उंची पक्की करावी. डोळे मिटून पूर्ण ओढ घ्यायची, हात नेहमीच्या जागी जबड्याला टेकवायचा आणि मग डोळा उघडायचा. मान न हलवता स्कोप पीपच्या मधोमध दिसला, तर उंची बरोबर. वर-खाली वाटला, तर पीप सरकवायचा, आपली मान नाही. भोक लंबगोल दिसत असेल, तर दोरीचा पीळ चुकलेला असतो. तो सुधारल्याशिवाय मापाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. हे झाल्यावर स्कोपचा व्यास मोजावा, कोणाकडून तरी पूर्ण ओढीतली दोन्ही अंतरं मोजून घ्यावीत आणि त्रैराशिकाचं माप काढावं. त्या मापाच्या एक पायरी वरचं आणि एक पायरी खालचं अशी तीन भोकं घेऊन, इतर काहीही न बदलता, प्रत्येकानं तीस-तीस बाण सोडावेत आणि लक्ष्यावरचा पसारा वहीत उतरवावा. एकदा सकाळी, एकदा उन्हं उतरल्यावर. गुणांपेक्षा पसारा पाहावा : सगळे बाण एकाच बाजूला पण जवळजवळ असतील तर स्कोप सरकवून भागतं, इतस्ततः असतील तर भोक चुकलं आहे.

बाजूनं येणारं ऊन पीपच्या आतल्या कडेवर चमकत असेल, तर भोक बदलण्याआधी खोलगट, काळ्या टोपणाचं कडं वापरून पाहावं; बऱ्याचदा दोष भोकाचा नसून चकाकीचा असतो.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच खेळला जाणार आहे. तिथवर पोचण्याची उमेद बाळगणाऱ्यांनी आणि गावातल्या मैदानावर नुकतंच धनुष्य हाती घेतलेल्यांनीही एक सवय आजपासून लावून घ्यावी : वापरातल्या मापापेक्षा एक पायरी मोठं भोक आणि ते बसवायचा छोटा पाना बाणांच्या भात्याच्या आतल्या कप्प्यात ठेवावा. वैयक्तिक लढतीत एका बाणाला वीस सेकंद मिळतात; ढग आल्यावर शोधाशोध करायला त्यात वेळ नसतो.